अपोफिस जवळून गेला तर कोकणात समुद्र आत येईल का?

तुम्ही विचारलंय की २०२९ मध्ये अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीजवळून जाईल तेव्हा गुहागरच्या किनाऱ्यावरच्या तुमच्या घराला धोका आहे का, आणि २०३६, २०६८ चं काय.

धोका नाही, निर्धास्त राहा. मात्र त्या रात्री समुद्राला उधाण असणार आणि मला काळजी वाटते ती त्यावरून उठणाऱ्या अफवांची. १३ एप्रिल २०२९ ला अमावास्या आहे. आमच्याकडे हर्णैला भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अमावास्येचे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. बाबा हे बोटांच्या पेरांवर मोजायचे आणि अमावास्या-पुनवेला होडी नेहमीपेक्षा चार हात वर ओढून ठेवायचे. म्हणजे त्या रात्री अकरा-साडेअकराच्या सुमारास पाणी चढलेलं असेल, कोणीतरी व्हिडिओ काढेल आणि ‘लघुग्रहाने समुद्र ओढला’ म्हणून पाठवेल. ते उधाण सूर्य-चंद्र एका रेषेत आल्याचं, दर अमावास्येला येतं तेच. अपोफिस जेमतेम साडेतीनशे मीटरचा दगड. इतक्या जवळ येऊनही भरतीवरचा त्याचा ओढा चंद्राच्या अब्जाव्या हिश्शाएवढाही नाही.

जवळ म्हणजे किती? जमिनीपासून साधारण ३२ हजार किलोमीटर. घरावरच्या टीव्हीच्या छत्रीला सिग्नल देणारे उपग्रह जवळजवळ ३६ हजारांवर असतात, त्यांच्याही आतून हा जाईल. २००४ मध्ये सापडला तेव्हा टक्कर होण्याची शक्यता काही दिवस २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती, ती भीती अजून फिरतेय. २०२९ मध्ये पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षा बदलणार, म्हणून पुढच्या फेऱ्यांची धास्ती होती. २०३६ ची आधीच मिटली. २०६८ ची शंका मार्च २०२१ च्या रडार निरीक्षणांनी संपली. पुढची निदान शंभर वर्षं तो आपल्याला धडकत नाही.

आता तो बघायचा कसा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्याकडे १४ तारखेचे पहाटेचे सव्वातीन वाजलेले असतील, पण तोवर तो आपल्या क्षितिजाखाली गेलेला असेल. ते दृश्य युरोप-आफ्रिकेचं. आपली वेळ त्याआधीची, मध्यरात्रीनंतरची. तो पश्चिमेला उतरत जाईल आणि कोकणात पश्चिमेला मोकळा समुद्र, ना डोंगर ना इमारत. शेपटी वगैरे काही नाही, हळूहळू सरकणारा ताऱ्यासारखा ठिपका. एप्रिलमध्ये क्षितिजाजवळ धुरकट असतं, त्यामुळे दुर्बीण असेल तर आणा. चंद्र नसल्याने अंधार चांगला मिळेल. जेटीवरच्या दिव्यांपासून लांब, सुरूच्या बनाच्या बाजूला वर वाळूत बसा, भरती तेव्हा नुकतीच ओसरू लागलेली असेल.