जॉन रॉल्सचा न्यायसिद्धान्त नोट्समधून पाठ आहे, पण भेदतत्त्व उदाहरणाला लावताना चुकतं. मूळ पुस्तक कुठून आणि कसं वाचावं?

यूपीएससीला राज्यशास्त्र वैकल्पिक घेतलंय, ‘अज्ञानाचा पडदा’ दोन पानं लिहिता येतो, पण प्रश्नात उदाहरण आलं की उत्तर भरकटतं, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक नोट्स पडद्यावरच थांबतात, त्यामुळे असं होतं. पडदा हा सिद्धान्त नव्हे. तत्त्वं निवडताना स्वतःची जात, वर्ग, लिंग, बुद्धी, धर्म माहीत नाही असं धरायचं, एवढी ती युक्ती आहे. सिद्धान्त म्हणजे त्यातून निघणारी दोन तत्त्वं आणि मुख्य म्हणजे त्यांचा क्रम.

आधी पुस्तकाचं बघू. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉल्सचं ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ 1971 साली आलं. त्यात 3 भाग, 9 प्रकरणं आणि सलग क्रमांकांचे 87 विभाग आहेत. 1999 ची सुधारित आवृत्ती 1975 च्या जर्मन भाषांतरासाठी केलेल्या दुरुस्त्यांसह छापली गेली, म्हणून दोन्ही आवृत्त्यांची पानं जुळत नाहीत. टिपणं काढताना पान नको, विभागाचा क्रमांक लिहा. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला बसलात, तर दुसऱ्या भागात अडकाल. वाट रॉल्सने स्वतःच प्रस्तावनेत दिली आहे: विभाग 1 ते 4, मग 11 ते 17, मग तिसरं प्रकरण पूर्ण, त्यानंतर 33 ते 35 आणि 39-40. अग्रक्रमाची (कोणतं तत्त्व आधी, कोणतं नंतर) कल्पना नवी असेल तर मध्ये विभाग 8 वर नजर टाका. हे सगळं मिळून पुस्तकाचा सुमारे तिसरा हिस्सा होतं. माझ्या मते विभाग 17 दोनदा वाचावा.

आता तत्त्वं. पहिलं: प्रत्येकाला समान मूलभूत स्वातंत्र्यं. दुसऱ्याचे दोन भाग आहेत: पदं आणि संधी खऱ्या अर्थाने सर्वांना खुल्या असाव्यात, आणि उरलेली विषमता सर्वांत तळाच्या गटाच्या जास्तीत जास्त हिताची असावी. या शेवटच्या भागाला भेदतत्त्व म्हणतात. स्वातंत्र्य आधी, संधी त्यानंतर, भेदतत्त्व सर्वांत शेवटी. आधीची पायरी मोडून पुढची गाठता येत नाही.

आकडे घेऊन पाहा. तीन व्यवस्था आहेत आणि प्रत्येकीत तळचा, मधला, वरचा असे तीन गट. क मध्ये त्यांच्या वाट्याला 10, 10, 10. ख मध्ये 14, 18, 30. ग मध्ये 12, 25, 50. बेरीज पाहणारा उपयुक्ततावादी ग घेईल, कारण 87 हा आकडा सर्वांत मोठा आहे. कट्टर समतावादी क कडे झुकेल. भेदतत्त्व ख निवडतं, कारण तळाचे 14 इतर दोन्हींपेक्षा जास्त आहेत. पण उत्तर इथे संपवलंत तर ते अर्धंच राहील. ख मध्ये तळच्या गटाचा मताधिकार काढून घेतला असेल, तर ती पहिल्याच पायरीवर बाद होते. वरची पदं प्रत्यक्षात ठरावीक घराण्यांसाठीच राखीव असतील, तरीही बाद.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, ‘गरिबांना थोडाफार फायदा झाला ना, मग विषमता चालेल’ असं लिहिणं. विभाग 13 मध्ये रॉल्स फरक करतो: वरच्यांची वाढ तळच्यांना उपयोगी पडत असेल पण कमाल गाठलेली नसेल, तर व्यवस्था न्याय्य असते, सर्वोत्तम नसते, आणि वरच्यांचं कमी केल्याने तळच्यांचं वाढणार असेल, तर ती अन्याय्यच. दुसरी, भेदतत्त्व एखाद्या माणसाला किंवा एखाद्या कंपनीच्या पगारपत्रकाला लावणं. ते समाजाच्या मूलभूत रचनेसाठी आहे: संविधान, मालमत्तेचे नियम, करव्यवस्था, शिक्षण.

तिसरी चूक आपल्याकडे फार दिसते: ‘आरक्षण म्हणजे भेदतत्त्व’. विभाग 17 मध्ये रॉल्स स्पष्ट म्हणतो की भेदतत्त्व हे भरपाईचं तत्त्व नाही. शिवाय पुस्तकाचा मोठा भाग आदर्श समाज गृहीत धरतो, जिथे सगळे न्याय्य नियम पाळतात. शतकानुशतकांच्या अन्यायाची दुरुस्ती हा त्याच्या बाहेरचा प्रश्न. आरक्षणाची बाजू मांडायची तर संधीच्या समानतेपासून सुरुवात करा आणि ही मर्यादा मोकळेपणाने लिहा. डॉ. आंबेडकरांशी प्रामाणिक तुलना करायची असेल, तर त्याच विभागात जागा आहे. भेदतत्त्व म्हणजे बंधुतेचा अर्थ, असं रॉल्स तिथे म्हणतो. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेब स्वातंत्र्य, समता, बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही असं सांगतात. दोघांचा मार्ग वेगळा आहे, पण बंधुतेला शोभेचा शब्द कुणीच मानत नाही.

विभाग 26 मधलं कोष्टकही सोडू नका. तीन पर्याय, प्रत्येकाचे तीन संभाव्य निकाल: पहिला (उणे 7, 8, 12), दुसरा (उणे 8, 7, 14) आणि तिसरा (5, 6, 8). ज्याचा वाईटात वाईट निकाल सर्वांत बरा तो पर्याय घ्या, या नियमाने तिसरा निवडावा लागतो. अर्थतज्ज्ञ हार्सानी यांनी 1975 मध्ये यावर कडक टीका केली: इतकी सावधगिरी विवेकी कशी? रॉल्सचं म्हणणं असं की हा नियम सरसकट नाही, शक्यता मोजता येत नसतील आणि वाईट निकाल असह्य असेल तेव्हाच तो लागू होतो. 2001 च्या शेवटच्या मांडणीत तर किमान उत्पन्नाची हमी देणाऱ्या उपयुक्ततावादाविरुद्ध भेदतत्त्वाची बाजू मांडताना तो या नियमावर विसंबतच नाही.

समुदायवादी टीका (माणूस त्याच्या समाजातून घडतो असं मानणाऱ्यांची) अभ्यासक्रमात आहेच. तत्त्वज्ञ मायकेल सँडेलचा 1982 चा आक्षेप म्हणजे रॉल्सचा माणूस नात्यागोत्यांविना उभा आहे. त्यावर रॉल्सचं 1985 चं उत्तर जोडलंत तर उत्तर वरच्या दर्जाचं होईल: मूळ स्थिती (अज्ञानाच्या पडद्याआड तत्त्वं निवडण्याचा कल्पित प्रसंग) हे विचार करण्याचं साधन आहे, माणूस कसा असतो याबद्दलचा दावा नव्हे. तिथून 1993 च्या ‘पोलिटिकल लिबरलिझम’कडे जाता येतं. सगळे नागरिक एकच जीवनदृष्टी मानतील हे 1971 चं गृहीतक त्याने तिथे सोडलं.

कारकीर्द चार ओळींत पुरे. 1921 साली बाल्टिमोरला जन्म, प्रिन्स्टनमध्ये शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर पायदळात, 1950 मध्ये पीएचडी, मग कॉर्नेल आणि एमआयटी, 1962 पासून हार्वर्ड, 2002 मध्ये निधन. न्यायावरचा पहिला महत्त्वाचा लेख 1958 चा. तिथून पुस्तकापर्यंत तेरा वर्षं लागली. त्याला ‘कल्याणकारी राज्याचा तत्त्वज्ञ’ म्हणू नका; 1999 च्या प्रस्तावनेत तो कल्याणकारी राज्य आणि मालमत्ता मुळातच विखुरलेली ठेवणारी लोकशाही यांत फरक करायला सांगतो.

वेळ उरला तर विभाग 67 वाचा. तिथे तो आत्मसन्मानाला बहुधा सर्वांत महत्त्वाची प्राथमिक गोष्ट म्हणतो, म्हणजे आयुष्यात काहीही करायचं असलं तरी प्रत्येकाला लागणारी गोष्ट. वरच्या उदाहरणात मी फक्त आकडे घेतले, नोट्सही तेच करतात. पण तळचा गट ठरवताना उत्पन्नाबरोबर हेही मोजायचं आहे.