‘माझ्यामुळे हरलो तर?’

‘उद्या मॅच आहे आणि आजपासूनच पोटात गोळा आलाय.’ हे वाक्य मी खेळाडूंकडून आणि त्यांच्या पालकांकडून सतत ऐकते. एकेकटे खेळणारे बहुधा म्हणतात, ‘हरलो तर?’ संघातून खेळणारे म्हणतात, ‘माझ्यामुळे हरलो तर?’ त्या एका जादा शब्दाचं वजन मला नीट कळलं ते व्हॉलीबॉल खेळणाऱ्या एका मुलीमुळे.

ती 17 वर्षांची होती आणि उपांत्य सामना दहा दिवसांवर आला होता. सरावात तिची सर्व्हिस सहसा चुकायची नाही. मॅचमध्ये मात्र हात बर्फासारखे गार. रेफरीच्या शिट्टीनंतर सर्व्हिसला 8 सेकंद मिळतात, पण ही शिट्टी वाजताक्षणी बॉल मारून मोकळी व्हायची.

“एवढी घाई का गं?”

“मॅडम, एकदाचं उरकून टाकावंसं वाटतं.”

आधी मी तिला शरीराचं सांगितलं. अॅड्रिनलिन वाढलं की त्वचेकडचं रक्त कमी होऊन ते मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. पचन मंदावतं, म्हणून पोटात कालवाकालव होते. तुझं शरीर खेळायला सज्ज होतंय. बास्केटबॉलमधला बिल रसेल मॅचआधी चक्क ओकायचा, आणि त्यानं 13 हंगामांत 11 अजिंक्यपदं मिळवली.

“म्हणजे हे जाणारच नाही?”

“जायची गरजही नाही.”

ती थोडी सैलावली, पण गाठ सुटली नव्हती. मग मी तिला शिट्टीच्या क्षणी मनात येणारं वाक्य जसंच्या तसं लिहून आणायला सांगितलं. तिनं आणलं: ‘सर्व्हिस चुकताच कामा नये.’

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांवर वाढलेली समुपदेशक, माझं लक्ष लगेच त्यातल्या ‘च’वर गेलं. ‘चुकू नये’ ही इच्छा झाली. ती माणसाला सरावाला लावते. ‘चुकताच कामा नये’ हा हुकूम झाला, आणि 17 वर्षांच्या खांद्याला तो बॉलपेक्षा कितीतरी जड. मी ‘च’ खोडायला सांगितला. तिनं खोडला, पण चेहरा तसाच राहिला.

“चुकली तर काय होईल?”

“सगळ्या म्हणतील, हिच्यामुळे गेलं.”

इथे मी तिला धीर देत बसले नाही, आणि ते बरंच झालं. मी विचारलं, “मागच्या मॅचमध्ये दुसऱ्या कुणाची सर्व्हिस चुकली होती?”

“आमच्या सेटरची. नेटमध्ये गेली.”

“तू काय केलंस?”

“टाळी दिली. म्हटलं, जाऊ दे, पुढचा बॉल.”

“मनातून रागावली होतीस? खरं सांग.”

“थोडीशी. पुढच्या पॉइंटपर्यंत.”

“मग तू तिला एका पॉइंटमध्ये माफ करतेस, आणि ती तुला जन्मभर करणार नाही असं का धरून चालतेस?”

ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मी त्यांना वाईट समजत होते.” इतक्या वर्षांच्या कामातही असं वाक्य क्वचित कानी येतं. ‘माझ्यामुळे’ची भीती आपल्याला जबाबदारीसारखी वाटते, पण तिच्या तळाशी सोबत्यांवरचा अविश्वास असतो. नुसत्या श्वासाच्या व्यायामानं तो हलत नाही.

श्वास मी शिकवलाच. शिट्टी झाली की बॉल दोनदा टप्पा, एक लांब उच्छ्वास, नजर समोरच्या कोर्टातल्या एका जागेवर आणि मग हात. उच्छ्वास लांबवला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात. हे 8 सेकंदांत आरामात बसतं, पण आधी सरावात, तेही दमलेलं असताना, घोटून घ्यावं लागतं. आदल्या रात्री झोप कमी झाली तर घाबरू नका, कमावलेलं कौशल्य एका रात्रीनं जात नाही. पालकांनी ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणं टाळावं. त्यानं मुलांना मॅचचं टेन्शन असतंच, वर टेन्शन आल्याचंही येतं. ‘धडधडतंय का? धडधडू दे, खेळून ये,’ एवढं पुरतं.

सामन्यानंतर ती आली. दुसऱ्या सेटमध्ये तिची एक सर्व्हिस बाहेर गेली होती. “मग?” मी विचारलं.

“मी वळायच्या आधीच सेटरचा हात पुढे आला होता,” ती म्हणाली.