धरणांचे आकडे रोज लोकांपर्यंत पोचवायचे आहेत. डॅशबोर्ड करू, ॲप करू की व्हॉट्सॲप चॅनेल?

खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा (खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर) साठा, पाऊस आणि विसर्ग तुम्ही रोज शीटमध्ये उतरवता, ते आता पुणेकरांना कसं द्यावं, असं तुम्ही विचारलंय. माध्यम सगळ्यात शेवटी ठरवा. आधी ठरवा की आकडा वाचून समोरचा माणूस काय करणार आहे.

सिंहगड रस्त्यावर नदीकाठच्या सोसायटीच्या सचिवाला पार्किंगमधल्या गाड्या आत्ता वर काढायच्या का, एवढंच ठरवायचं असतं. त्याला हवा खडकवासल्यातून मुठेत सोडलेला विसर्ग आणि वाढीव विसर्ग सुरू होण्याची वेळ. पाणीकपातीची काळजी असलेल्याला हवा चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा, गेल्या वर्षीच्या याच तारखेशेजारी. पत्रकाराला आणि विद्यार्थ्याला मूळ फाइल हवी. तिघांना एकच डॅशबोर्ड दिलात तर ज्याला सगळ्यात घाई आहे तोच त्यात अडकेल. म्हणून आकडेवारी एक ठेवा, पण वस्तू तीन करा: छोटा संदेश, एक आलेख आणि एक फाइल.

वाचक नदीप्रमाणेही वेगळे होतात. औंध-बाणेरला मुळशी धरणाचा विसर्ग महत्त्वाचा, रावेत-चिंचवडला पवना धरणाचा. तिथल्या लोकांना खडकवासल्याचा इशारा पाठवला तर ते दोन दिवसांत तुमचा चॅनेल बंद करतील. मुठेपुरतंच काम असेल तर नावातच ‘मुठा’ लिहा.

हिशेबात बहुतेक जण टक्क्यांवर घसरतात. चार धरणांच्या टक्केवारीची सरासरी कधीही काढू नका. उपयुक्त क्षमता खडकवासल्याची १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२ आणि टेमघरची ३.७१, एकूण २९.१५. समजा खडकवासला १०० टक्के, पानशेत आणि वरसगाव ६०, टेमघर ५० टक्के भरलंय. सरासरी येते ६७.५. खरा साठा १७.९ टीएमसी, म्हणजे ६१.४ टक्के. फरक जवळजवळ पावणेदोन टीएमसीचा, म्हणजे अख्ख्या खडकवासल्याच्या आसपास!

विसर्गाची बेरीज हीसुद्धा अशीच चूक. पानशेत, वरसगाव, टेमघर यांचं पाणी खडकवासल्यातच येतं. चारही विसर्ग जोडले तर तेच पाणी दोनदा मोजलं जातं. शहरासाठी खडकवासल्याचा नदीतला विसर्ग धरा, आणि कालव्यातला वेगळ्या रकान्यात ठेवा. ‘खडकवासला १०० टक्के’ हा धोक्याचा इशाराही नव्हे. १०,००० क्युसेकने (सेकंदाला तितके घनफूट) दिवसभरात ०.८६ टीएमसी पाणी जातं, त्यामुळे एवढंसं धरण पावसाळ्यात पटकन भरतं आणि भरलेलंच राहतं.

पावसाच्या आकड्याला वेळ चिकटवा. हवामान खात्याचा २४ तासांचा पाऊस सकाळी ८:३० ते ८:३० असा मोजतात आणि मोजल्याच्या तारखेवर नोंदवतात. धरणावरची नोंद सकाळी ६ ची असेल तर दोन्ही एका स्तंभात टाकू नका. पाऊस नसेल तर ०. नोंदच आली नसेल तर रकाना रिकामा. ही दोन सरमिसळ झाली की १ जूनपासूनची बेरीज गुपचूप कमी भरते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

फाइलमध्ये एका ओळीत एक धरण, एक वेळ. रकाने: धरण, नोंदीची वेळ, आकडा तुमच्याकडे आल्याची वेळ, उपयुक्त साठा, पाऊस, नदीतला विसर्ग, कालव्यातला विसर्ग, स्रोत. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, नाहीतर एक्सेल ७ ऑगस्टचा ८ जुलै करून ठेवतं. अंक इंग्रजी (0 ते 9) ठेवा, म्हणजे बेरीज होईल. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) यूटीएफ-८ या लिपी-संकेतात, बीओएमसह (सुरुवातीची छोटी खूण, जिच्यावरून एक्सेल तो संकेत ओळखतं) जतन करा. त्याशिवाय एक्सेलमध्ये देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हं दिसू शकतात. एक तपासणी कायमची लावा: साठा क्षमतेपेक्षा जास्त दिसला तर बहुधा तो दशलक्ष घनमीटरमध्ये आलाय. १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी.

संदेश चित्र करून पाठवू नका. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, दृष्टिहीन वाचकाच्या फोनला तो नीट वाचता येईलच असं नाही, आणि पुढे पाठवताना त्याची तारीख कापली जाऊ शकते. पहिल्या ओळीतच नदी, तारीख, वेळ. नमुना असा, आकडे काल्पनिक:

‘मुठा नदी, २५ जुलै, सायं. ५ ची नोंद. खडकवासला विसर्ग ९,००० वरून १५,००० क्युसेक, सायं. ६ पासून. स्रोत: जलसंपदा विभाग. संदेश क्र. ४१.’

क्रमांक दुरुस्तीसाठी लागतो. चुकलेला संदेश तुम्ही पुसलात तरी पुढे गेलेल्या प्रती फिरत राहतात, म्हणून ‘क्र. ४१ रद्द, योग्य आकडा असा’ हा नवा संदेश टाका. आणि ‘धोका’, ‘स्थलांतर करा’ असे शब्द स्वतःच्या अंदाजाने कधीच लिहू नका. तो अधिकार प्रशासनाचा. त्यांची सूचना जशीच्या तशी, वेळेसकट द्या.

आता माध्यम. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपुरती, तीही तुमचा नंबर जतन केलेल्यांनाच पोचते. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. चॅनेलमध्ये ती अडचण नाही, पण त्याची सूचना वाजावी म्हणून वाचकाला ती स्वतः चालू करावी लागते; हे पहिल्याच दिवशी सांगा. मोठ्या प्रमाणावर एसएमएस पाठवायचे तर डीएलटी नोंदणी (मोबाइल कंपन्यांकडे पाठवणाऱ्याची नोंद) आणि संदेशाचा मंजूर साचा लागतो. देवनागरी एसएमएस ७० चिन्हांत संपतो, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजतात: ‘क्युसेक’ हा शब्द ७ चिन्हं खातो. संदेश लांबला की प्रत्येक भाग ६७ चिन्हांचा, आणि पैसे भागागणिक.

रोज सकाळी एक संदेश पुरे. बाकी विसर्ग बदलला तरच. दर तासाला पाठवलेला ‘बदल नाही’ लोकांना फोन गप्प करायला शिकवतो, आणि रात्री दोनचा खरा संदेश मग कोणीच पाहत नाही. जून उजाडायच्या आत नमुना संदेश एखाद्या सोसायटीच्या रखवालदाराला वाचायला द्या आणि विचारा, ‘आता काय करणार?’ उत्तर देताना तो अडखळला तर मजकूर बदला.

आलेख १ जूनपासून सुरू करा, उभा अक्ष शून्य ते २९.१५. १५ ऑक्टोबरला ठळक खूण करा, कारण पुढच्या हंगामाचं पाणीवाटप त्या दिवसाच्या साठ्यावर आखतात. त्यानंतर आठवड्यातून एक आकडा भरपूर झाला.