इंग्लंडमधील खेड्यातल्या माणसांना आपल्यासारखे ‘मूळ गाव’ असते का, आणि ती आपली पाळेमुळे कशी शोधतात?

असते, आणि एके काळी तर ते कायद्याने ठरत असे. मला मात्र हे फार उशिरा कळले.

माझे वडील डॉक्टर होते. १९७० साली ते रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईमार्गे इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात आले, तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि वर्क्सवर्थ या गावापासून काही मैलांवरच्या एका लहान खेड्यात आमचे बिऱ्हाड थाटले गेले. चुनखडीचे दगड नुसते एकावर एक रचून घातलेली तिथली कुंपणे पाहून ‘हे तर आपले गडगेच’ असे आई म्हणाली होती. त्या कुंपणांच्या आतली कुरणे मात्र सपाट नव्हती. शिशाच्या जुन्या खाणींनी ती खड्ड्याखळग्यांची आणि उंचवट्यांची झाली होती, आणि झाकलेल्या विहिरींसारख्या त्या खाणींच्या तोंडांकडे फिरकायचे नाही, अशी आम्हा मुलांना सक्त ताकीद होती. या जुन्या खाणींना आणि त्या खणून गेलेल्या पूर्वजांना तिकडे ‘टौड मॅन’, म्हणजे म्हातारबुवा, असे एकच नाव आहे. आजीच्या गोष्टींत जसा राखणदार असे, तसाच हा कोणी असावा, अशी माझी समजूत होती. वर्क्सवर्थच्या चर्चमध्ये कुदळ आणि टोपली घेतलेल्या खाणकामगाराची जुनी दगडी आकृती आहे, तिलाही हेच नाव आहे. खाणीच्या हक्कांचा निवाडा करणारे ‘बारमोट’ न्यायालय त्याच गावात भरते, आणि खनिज मोजण्याचे १५१३ सालचे पितळी माप तिथे जपून ठेवलेले आहे.

दुसरी ठळक आठवण विहिरी सजवण्याची. मे-जूनच्या सुमारास त्या भागातील गावे आपापल्या झऱ्यांना आणि विहिरींना फुलांची चित्रे वाहतात. लाकडी फळ्या आधी काही दिवस पाण्यात भिजवून ठेवतात, त्यांवर मीठ घालून मळलेली ओली माती थापतात, चित्राची रेषा बिया आणि झाडांची लहान बोंडे टोचून आखतात आणि मग एकेक पाकळी खालून वर अशी बसवत नेतात, म्हणजे घराच्या कौलांप्रमाणे एकीवर दुसरी येते आणि पावसाचे पाणी वरच्या वर ओघळून जाते. रांगोळीचा हात असल्यामुळे आईला दुसऱ्याच वर्षी या कामाला बोलावणे आले. ‘चिमटीने सोडायचे ते एवढे दाबून बसवायचे कशाला’, ही तिची तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली.

आता पाळामुळांविषयी. शेजारच्या वृद्ध बाई ‘आम्ही इथे कायमचेच’ असे सांगत, आणि पुढे त्यांच्याच आग्रहावरून मी मॅटलॉक येथील जिल्हा दफ्तरखान्यात त्यांच्या घराण्याचा शोध घेतला. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ सालच्या आदेशापासून प्रत्येक पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या वस्तीच्या) चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवायची होती, त्यामुळे नशीब चांगले असेल तर साध्या शेतमजुराचेही घराणे चारशे वर्षे मागे नेता येते. खाणकामगारांची अडचण अशी की त्यांच्यापैकी अनेक जण मेथडिस्ट, म्हणजे अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाचे, होते आणि त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे गावच्या चर्चच्या वहीत सापडतीलच असे नाही. परंतु १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर (हाही एक वेगळा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू वगळता सर्वांना विवाह पॅरिशच्या चर्चमध्येच करावा लागे; तेव्हा अशा घराण्याचा धागा विवाहाच्या नोंदीपासून पकडावा, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

खरे ‘मूळ गाव’ मात्र मला गरिबांच्या कागदपत्रांत सापडले. निराधारांना पोसण्याची जबाबदारी त्यांच्या पॅरिशवर असल्यामुळे कोण कोणत्या पॅरिशचा, हा प्रश्न पैशांचा होता, आणि १६६२ च्या कायद्याने बाहेरून आलेल्या गरिबाला त्याच्या पॅरिशमध्ये परत धाडण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना दिला. पुढे सलग वर्षभर चाकरी केलेल्या अविवाहित माणसाला त्या गावाचा हक्क मिळू लागला, तेव्हा काही मालक त्याला मुद्दाम एक आठवडा कमी, म्हणजे एक्कावन्नच आठवड्यांसाठी ठेवू लागले. विवाहित स्त्रीचे गाव म्हणजे नवऱ्याचे गाव, त्यामुळे तो वारल्यावर तिने कधी पाहिलेही नसेल अशा ठिकाणी तिची मुलाबाळांसह रवानगी होऊ शके. ज्यांच्या कुळाचा वृत्तांत कोणी लिहिला नसता, त्यांच्या आयुष्याची हकिकत कोण कुठला हे ठरवण्याच्या चौकशीतील जबान्यांत दंडाधिकाऱ्यापुढे सांगितलेली आढळते; ती लिहून घेणाऱ्यांचा हेतू मात्र निव्वळ खर्च टाळण्याचा होता.

शेजारच्या बाईंच्या खापरपणजीची अशीच एक रवानगीची नोंद मला मिळाली. लँकेशरमधून दोन मुलांसह धाडलेली ती विधवा पूर्वी या गावात कधी राहिलेलीच नव्हती. ‘कायमचेच’ म्हणणाऱ्या बाईंना ते फारसे रुचले नाही. त्यांनी कागदाची घडी घालून तो चहाच्या भांड्यांमागे ठेवून दिला आणि विषय बदलला.

तुम्हाला कोणाचा शोध घ्यायचा असेल तर १८५१ च्या जनगणनेपासून सुरुवात करावी, कारण जन्माचे पॅरिश विचारणारी ती पहिलीच. तिथून मागे चर्चच्या वह्यांकडे जाता येते. अलीकडे येताना १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली आहे. १९३१ ची आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्या खेड्यातील आमच्या घराची पहिली नोंद १९७१ च्या जनगणनेत आहे आणि शंभर वर्षांच्या नियमाप्रमाणे ती २०७२ पर्यंत बंद राहील.