तळहातावरचा नारळ आणि विज्ञानाचं दार

प्रश्न : बाई, गेल्या उन्हाळ्यात रानात बोअर मारलं. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली. तिथं नारळ ताडकन उभा राहिला आणि १९० फुटांवर पाणी लागलं. पुतण्या कोल्हापुरात बी.एस्सी. करतोय. त्यानं हे प्राध्यापकांना सांगितलं, तर ते ऐकून न घेताच हसले. खंड सरकतात म्हणणाऱ्या वेगेनरलाही शास्त्रज्ञ असेच हसले होते, असं मी वाचलंय. मग विज्ञानाची दारं वेगळ्या विचाराला बंदच आहेत, असं का म्हणू नये?
— एक शेतकरी, भुदरगड तालुका

उत्तर : प्राध्यापकांनी हसायला नको होतं. हे आधी लिहिते, कारण एकदा मीही अशीच हसले होते.

शिक्षिकेच्या नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. मुलांना घेऊन करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेले. चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस तापत आलेला. गुळव्यानं भेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजत घातली होती. ते बुळबुळीत पाणी रसात ओतत तो म्हणाला, "आता बगा, घाण सगळी वर येती." मी मुलांसमोर बोलून गेले, की भेंडीनं कुठं रस स्वच्छ होतो का, जुनी समजूत आहे ही. तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळानं मळीचा जाड थर वर आला आणि त्यानं तो झाऱ्यानं ओढून काढला. मग पुढच्या आधणातला घागरभर रस एका पातेल्यात वेगळा घेतला आणि भेंडी न घालता माझ्यासमोर आटवला. तो शेवटपर्यंत गढूळ राहिला. दोन्हीकडचा गूळ पानावर शेजारी शेजारी ठेवून त्यानं माझ्या हातात दिला. भेंडीतला चिकट पदार्थ रसातले बारीक कण धरून ठेवतो आणि उकळीबरोबर ते वर येतात, हे मी नंतर वाचलं. माझ्या पुस्तकात नव्हतं, एवढ्याच कारणावर मी 'नाही' म्हणून बसले होते.

म्हणून सांगते, शास्त्र शिकलेली माणसं हट्टी असतात, गर्विष्ठही असतात. पण त्या गुळव्यानं माझ्याशी वाद घातला नाही, भेंडीविना पातेलं तापवून दाखवलं. पाणाड्याच्या बाबतीत ते 'भेंडीविना पातेलं' कोणतं, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे.

माझे थोरले मामाच पाणाडे होते. पंचक्रोशीत नाव होतं, आणि कुणाकडून पैसे घेत नसत. एका मे महिन्यात ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मी विचारलं, "मामा, परीक्षा घेऊ का नारळाची?" ते म्हणाले, "घे की पोरी, पाणी काय लपून ऱ्हातंय व्हय?" परसात वीतभर खोल चर खणून आम्ही बागेचा पाइप पुरला. त्याचं दुसरं टोक भिंतीपलीकडच्या हौदात बुडवलं, म्हणजे पाण्याचा आवाज यायला नको. पहिल्या पाच वेळा नळ चालू आहे की बंद, हे मामांना सांगून ठेवलं होतं. पाचही वेळा नारळानं बरोबर सांगितलं. चालू असला की उभा, बंद असला की आडवा. मामा खूश, मीही चकित. मग धाकटा भाऊ भिंतीआड नळापाशी बसला. तो नाणं उडवायचा, छापा पडला तर नळ चालू, काटा पडला तर बंद. मला आणि मामांना काही कळायचं नाही. असं वीस वेळा केलं. मामांचे अकरा बरोबर आले. डोळे झाकून अंदाज ठोकला असता तरी दहाच्या आसपास आलेच असते.

मामांनी हात धुतले आणि पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मग इतकी वर्सं माझ्या हाताला सांगत कोन हुतं?" त्या प्रश्नानं माझ्या पोटात कालवलं, अजून कालवतं. मामा खोटं बोलत नव्हते. मनाला जे ठाऊक असतं किंवा वाटत असतं, त्याप्रमाणे तळहात आपल्या नकळत किंचित कलतो आणि तेवढ्यानं नारळ उठतो. शिवाय मामांना जमीन वाचता यायची. उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, उतार कुणीकडं, दगड कुठं फुटलेला आहे, हे त्यांची नजर आधीच टिपत असणार. तुमच्या पाणाड्याकडेही ती नजर असेल. मी तिला मानते. नारळाला मानायला माझ्याकडे आधार नाही.

आणि विज्ञानानं ऐकूनच घेतलं नाही म्हणाल, तर तसं नाही. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये सरकारी पैशानं पाणाड्यांची मोठी चाचणी झाली. एका दुमजली धान्यकोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप इकडे-तिकडे सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं जागा सांगायची. सुमारे ५०० जणांमधून सर्वांत चांगले ४३ निवडले आणि त्यांच्या ८४३ चाचण्या घेतल्या. चाचणी घेणाऱ्यांना काही जणांत खरंच कसब दिसलं. पुढं जिम एन्राइट या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा तपासले. एका फेरीत चमकलेला माणूस दुसऱ्या फेरीत चमकत नव्हता, आणि एकूण निकाल नशिबाच्या खेळाहून वेगळा नव्हता.

मग तुमच्या रानात पाणी कसं लागलं? आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या, सच्छिद्र थरांत पाणी साठतं. खोल गेलं की कुठली ना कुठली भेग भेटण्याचा बराच संभव असतो. तुमच्या गावात कोरडी गेलेली बोअरं किती, आणि त्यातली किती नारळानं दाखवलेली, हे कुणी वहीत लिहिलंय का? पाणी लागलेल्या बोअरची पूजा होते, कोरड्या बोअरवर दगड ठेवून माणूस घरी जातो. पुतण्याला ती वही धरायला सांगा. बोअर मारायच्या आधी पाणाड्यानं किती फूट सांगितलं ते लिहायचं, आणि नंतर जे लागेल तेही लिहायचं. मग वही घेऊन प्राध्यापकांकडे जायचं. ते पुन्हा हसले, तर मला कळवा, मी येते.

आता वेगेनर. त्यानं १९१२ मध्ये खंड सरकतात हे मांडलं आणि बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते अर्धशतक झिडकारलं. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला. आपलं खरं ठरलेलं त्याला पाहायला मिळालं नाही. हा अन्याय झाला, त्यावर पांघरूण घालायचं नाही. मात्र विरोधकांची एक हरकत रास्त होती. खंड कशानं ढकलले जातात, याचं वेगेनरनं दिलेलं कारण लंगडं होतं, तेवढ्या बळानं खंड हलणं शक्य नव्हतं.

पारडं फिरवणाऱ्या पुराव्यांत तुमच्या रानाखाली आहे तोच काळा पाषाण होता. लाव्हा थिजताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या जागच्या पृथ्वीच्या चुंबकत्वानुसार दिशा धरतात आणि तसेच गोठतात. विषुववृत्तापाशी ती दिशा जमिनीला समांतर असते, ध्रुवाकडे जावं तसा कल वाढतो. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्या गटानं दख्खनच्या पाषाणाचे नमुने मोजले. त्यावरून दिसत होतं, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजला आणि जमिनीसकट उत्तरेला आला. १९६३ मध्ये समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लागला, की समुद्रतळ मधोमध फाकून दोन्हीकडे पसरतो, आणि मग दार सताड उघडलं. बोअरच्या वेळी जो राखाडी चुरा वर आला असेल, त्यातला मूठभर घरात जपून ठेवा. वेगेनरच्या बाजूनं साक्ष दिलेला दगड आहे तो.

प्रश्न : जयंत नारळीकर सरांना महास्फोटाचा सिद्धांत मान्य नव्हता ना? मग आमच्या पुस्तकात तोच का? त्यांना दाबलं गेलं का?
— अकरावीतली विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बाळ, सर आपल्याच गावात जन्मले, १९ जुलै १९३८ ला. महास्फोटाचा सिद्धांत म्हणतो, की विश्व अतितप्त, अतिदाट अवस्थेतून पसरत आलं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर सरांनी स्थिर विश्वाची, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही या मताची, बाजू लावून धरली. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. महास्फोटाची उरलेली ऊब म्हणून ते सहज समजत होतं, त्यामुळे बहुतेकांनी स्थिर विश्वाची बाजू सोडली. सरांनी नाही सोडली. १९९३ मध्ये हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारलेली मांडणी केली. ताऱ्यांचाच प्रकाश लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडला, तर ते प्रारण मिळू शकेल, असं त्यात गणितानं दाखवलं होतं.

दाबलं म्हणावं, तर पुण्याची 'आयुका' ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था त्यांच्याच नेतृत्वाखाली उभी राहिली आणि त्यांचे शोधनिबंध छापले जात होते. पण एक गोष्ट मला खरंच बोचते. प्रस्थापित मताविरुद्ध निरीक्षणं मांडणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ हाल्टन आर्पना अमेरिकेत दुर्बिणीवर वेळ मिळणं बंद झालं, आणि त्यांनी जर्मनी गाठली. पैसा आणि दुर्बिणींचा वेळ जवळजवळ सगळा महास्फोटाच्याच अभ्यासाला जातो, अशी तक्रार करणारं जाहीर पत्र २००४ मध्ये 'न्यू सायंटिस्ट' या विज्ञान साप्ताहिकात आलं. त्यावर सरांचीही सही होती. सरांची मांडणी मला पटत नाही, ती तक्रार मात्र पटते. पाहायलाच मिळालं नाही, तर चूक की बरोबर हे ठरणार कसं?

दुसऱ्याला लावायची कसोटी सरांनी नीट लावली, हेही लक्षात ठेव. २७ ज्योतिष्यांना त्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि मूल हुशार की मतिमंद, एवढंच ओळखायला सांगितलं. ४६ टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीसुद्धा नाहीत.

परीक्षेत महास्फोटच लिही, आज पुरावा त्या बाजूला जड आहे. उत्तराखाली त्या प्रारणाचं तापमान २.७ केल्विन का येतं, हे दोन्ही बाजूंनी लिहून बघ. गणित अडलं तर पुन्हा पत्र टाक, पायऱ्या सोडवून पाठवते.