माकडांच्या विभागात येण्याआधी

सोमवारपासून तू प्रयोगशाळेतल्या मकाक माकडांकडे येणार, म्हणून आधीच सांगतो. पिंजऱ्यासमोर उभं राहून डोळ्यांत रोखून बघू नकोस. त्यांना ती धमकी वाटते. कितीही उकडलं तरी मास्क आणि गॉगल काढायचा नाही. मकाकला फारसा त्रास न देणारा हर्पीस बी विषाणू माणसाचा जीव घेऊ शकतो. ओरखडा उठला तर लाजू नकोस. लगेच साबणाने 15 मिनिटं धू, मग कळव. आपला क्षयही त्यांना होतो, म्हणून आधी तुझी तपासणी.

घरचे विचारतीलच, "माकडांवर प्रयोग कशाला?" तेव्हा गुळगुळीत उत्तर देऊ नकोस, पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं, उदाहरण दे. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात बनावट हेरॉइन टोचून घेतलेले काही जण एकाएकी पार्किन्सनच्या रुग्णांसारखे ताठरले. दोषी निघालं एमपीटीपी हे रसायन. माकडांना ते दिल्यावर तशीच लक्षणं दिसली. 1990 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ मेलॉन डीलाँग यांच्या गटाने अशा माकडांच्या मेंदूतला सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा चिमुकला भाग निकामी केला, आणि ताठरपणा, थरथर ओसरली. आज रुग्णांच्या मेंदूत त्याच जागी बारीक तार घालून विजेची स्पंदनं देतात. डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात ते हेच.

ती माकडं मुद्दाम आजारी पाडली होती, हेही सांग. ते गाळणाऱ्यांचं मला पटत नाही.

आणि हो, खिशात शेंगदाणे ठेवून आत येऊ नकोस.