मधुमेह: लपवण्यासारखे त्यात काय आहे?

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. ‘लहानपणी चॉकलेटं फार दिलीत,’ असे नातेवाईक ऐकवतात. शाळेत ती स्वच्छतागृहात जाऊन इन्सुलिन घेते. काय करावे?

उत्तर : ताई, आधी मनातली अपराधी भावना काढून टाका. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. चॉकलेटांचा किंवा तुमच्या संगोपनाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. १९२२ साली टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले, तोवर अशी मुले फार काळ जगत नसत. तेच औषध घेण्यासाठी तुमच्या लेकीला कडी लावून उभे राहावे लागते, याचे मला फार वाईट वाटते. डॉक्टरांचे पत्र घेऊन वर्गशिक्षिकांना भेटा आणि इंजेक्शनसाठी स्वच्छ जागा मागून घ्या. हात थरथरणे, घाम फुटणे, अचानक चिडचिड होणे ही साखर उतरल्याची लक्षणे असतात, आणि ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली गेला तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे त्यांना समजावून सांगा. सीबीएसईने २०१७ पासून अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेतही साखरेच्या गोळ्या व खाऊ सोबत नेण्याची मुभा दिली आहे. मग रोजच्या तासाला अडचण का असावी?

प्रश्न : वय ५८. गोळ्या घेऊनही एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ९.४ आहे. डॉक्टर इन्सुलिन सुचवतात, पण सुई एकदा लागली की सुटत नाही म्हणतात.

उत्तर : इन्सुलिनचे व्यसन लागत नाही. टाइप २ मध्ये वर्षे सरतात तशी स्वादुपिंडाची ताकद घटत जाते आणि जे शरीरात कमी पडते, ते बाहेरून द्यावे लागते. ‘शेजारच्या काकांना इन्सुलिन लावले आणि वर्षभरात पाय कापावा लागला,’ असे आपल्याकडे हटकून सांगतात. त्याआधी दहा वर्षे त्यांची साखर चढलेलीच होती, हे मात्र कोणी सांगत नाही. दिरंगाई करू नका.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, टाइप १. स्थळे येत आहेत. घरचे म्हणतात, आजाराचे बोलू नकोस.

उत्तर : पहिल्याच भेटीत सांगण्याची गरज नाही, परंतु सुपारी फुटण्याआधी तुम्ही स्वतः सांगा. मध्यरात्री साखर उतरली, तर शेजारी झोपलेल्या माणसाला साखरेचा डबा कुठे ठेवला आहे, हे ठाऊक असायला हवे.